पॉल चेंबर्सच्या मागोमाग

१९५६ ते १९६० या काळातल्या जॅझच्या पाच-सहा रेकॉर्ड कुणाही जाणकाराला निवडायला सांगा. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ येणारच, सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ आणि ‘जायंट स्टेप्स’ येतील, सॉनी रॉलिन्सची ‘टेनर मॅडनेस’, सॉनी क्लार्कची ‘कूल स्ट्रटिन’, हँक मोबलीची ‘सोल स्टेशन’. लीडर वेगळे, कंपन्याही वेगळ्या, कुठे कोलंबिया कुठे ब्लू नोट कुठे अटलांटिक कुठे प्रेस्टीज, पियानोवाले बदलतात, ड्रमर बदलतात, पण या सगळ्या कव्हर्सच्या मागच्या बाजूला बारीक टायपात एक नाव तसंच राहतं. पॉल चेंबर्स, बेस. (बेस म्हणजे उभ्यानं वाजवायचं ते मोठं तंतुवाद्य.)

हा माणूस १९३५ साली पिट्सबर्गला जन्मला आणि १९६९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला टीबीनं गेला. तेहतीस वर्षं, बस. ‘काइंड ऑफ ब्लू’चं दुसरं आणि शेवटचं सेशन झालं २२ एप्रिल १९५९ ला, त्या दिवशी त्याचा चोविसावा वाढदिवस होता. चोवीस! म्हणजे जगातली बहुतेक सगळ्यात जास्त ऐकली गेलेली जॅझ रेकॉर्ड ज्याच्या बोटांवर उभी आहे तो पोरगा होता आणि तोवर त्याची मोठ्या बँडमधली चार वर्षं होत आली होती.

आपल्याकडे मैफलीला जायचं ठरलं की जुने ऐकणारे विचारतात, साथीला कोण आहे? गाणारा कितीही मोठा असो, तबल्यावर कोण बसणार यावर त्या रात्रीचं गाणं कुठवर जाईल ते ठरतं हे त्यांना माहीत असतं. माझं जॅझ ऐकणं या प्रश्नानं बदललं. एखादी रेकॉर्ड मनात घुसली की मी आधी बेसवर कोण आहे ते बघतो, मग ड्रम्सवर कोण, मग पियानो, आणि मग त्या माणसांच्या मागे मागे पुढच्या रेकॉर्डकडे जातो. हार्ड बॉपच्या बाबतीत तरी मला मनापासून वाटतं की या संगीताचा खरा इतिहास लीडरच्या नावानं लिहिता येत नाही, तो साथीदारांच्या जाण्यायेण्यातूनच कळतो. (आता मोबाईलवर ऐकताना साथीदारांची नावं दिसतच नाहीत बऱ्याचदा, नुसतं लीडरचं नाव आणि कव्हरचा चौकोन. हे मला खरंच लागतं. ज्यानं अख्ख्या गाण्याला चालवलं त्याचं नाव शोधायला वेगळं बाहेर जावं लागतं.)

हार्ड बॉप म्हणजे काय ते दोन वाक्यांत. चाळीसच्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी वगैरे मंडळींनी बीबॉप उभं केलं, भन्नाट वेगाचं, कॉर्ड्सनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांनी, ठासून भरलेलं. पन्नासच्या दशकात न्यूयॉर्क, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया इथल्या पोरांनी त्याचं व्याकरण तसंच ठेवलं आणि त्यात ब्लूज आणि चर्चमधलं गॉस्पेल परत मिसळलं, म्हणजे डोक्याचं संगीत पुन्हा पायांपर्यंत आलं. पियानिस्ट होरेस सिल्व्हर आणि ड्रमर आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ मेसेंजर्स या बँडनं १९५४-५५ मध्ये जे रेकॉर्डिंग केलं त्याच्यात हे सगळं आधीच सापडतं. त्यातलं सिल्व्हरचं ‘द प्रीचर’ ब्लू नोटच्या अल्फ्रेड लायनला आधी नको होतं, फार जुनाट वाटलं त्याला, सिल्व्हरनं हट्ट सोडला नाही म्हणून ते राहिलं आणि तेच लोकांनी उचललं. त्या मेसेंजर्समध्ये टेनर सॅक्सोफोनवर हँक मोबली होता आणि बेसवर डग वॉटकिन्स. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा.

डग वॉटकिन्स हा पॉल चेंबर्सचा नात्यातला भाऊ. वर्षभरानं मोठा. चेंबर्सची आई गेल्यावर तो लहानपणीच डेट्रॉइटला आला आणि दोघं तिथेच वाढले. चेंबर्सनं सुरुवात केली ती बॅरिटोन हॉर्न आणि ट्युबावर, बेस हातात आला चौदाव्या वर्षाच्या आसपास. आणि डेट्रॉइट त्या वेळी काय शहर होतं! मोटारींच्या कारखान्यांमुळे दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या हातात थोडा पैसा, घरात पियानो, आणि सरकारी शाळांमधून वाद्य शिकवणारे खरेखुरे शिक्षक. कॅस टेक्निकल हायस्कूल या एका शाळेतून चेंबर्स, वॉटकिन्स, ट्रंपेटवाला डोनाल्ड बर्ड आणि बेसवाला रॉन कार्टर असे चौघं निघालेत. एका शाळेतून! शाळेबाहेरची शाळा म्हणजे पियानिस्ट बॅरी हॅरिसचं घर, तिथे ही सगळी पोरं जमायची आणि पार्करचं संगीत सुटं करून शिकायची. त्याच शहरातून टॉमी फ्लॅनगन, केनी बरेल, कर्टिस फुलर, पेपर अॅडम्स, आणि शेजारच्या पाँटियाकमधून जोन्स बंधू, हँक, थॅड आणि एल्विन. पुढे ही माणसं न्यूयॉर्कला गेली तेव्हा एकमेकांना कामाला बोलवत राहिली, आणि म्हणूनच त्या काळच्या रेकॉर्डवर डेट्रॉइट इतकं दिसतं.

१९५५ मध्ये माइल्सनं नवा क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा बँड, बांधला. कोल्ट्रेन, पियानोवर रेड गार्लंड, ड्रम्सवर फिली जो जोन्स, बेसवर वीस वर्षांचा चेंबर्स. पुढच्या वर्षी माइल्सला प्रेस्टीजचा करार संपवून कोलंबियाकडे जायचं होतं म्हणून ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ अशा दोन दिवसांत त्यांनी इतकं वाजवलं की त्यातून चार एलपी निघाल्या, ‘कुकिन’, ‘रिलॅक्सिन’, ‘वर्किन’, ‘स्टीमिन’, आणि कंपनीनं त्या १९६१ पर्यंत पुरवून पुरवून काढल्या. क्लबात रोज रात्री जे वाजवायचे तेच स्टुडिओत येऊन वाजवलं, बहुतेक सगळं पहिल्याच टेकमध्ये. मला या चारही रेकॉर्ड म्हणजे एक लांब रात्र वाटते, एकातून दुसरीत कधी शिरलो ते कळत नाही.

आता याच वर्षातल्या एका महिन्याकडे बघा. २४ मे ला सॉनी रॉलिन्स माइल्सचाच रिदम सेक्शन घेऊन स्टुडिओत जातो, गार्लंड, चेंबर्स, फिली जो. कोल्ट्रेनही तिथे येतो आणि एका ब्लूजवर दोघं टेनरवाले बारा मिनिटं आळीपाळीनं वाजवतात. ते ‘टेनर मॅडनेस’. रॉलिन्स आणि कोल्ट्रेन एकत्र रेकॉर्ड झाले ते एवढंच एकदा. लोक त्यात कोण जिंकलं असं विचारतात, मला तो प्रश्नच पटत नाही, कारण नीट ऐकलं तर दोघांच्या खाली चेंबर्स एकाच शांतपणे चालतोय, कोल्ट्रेन घाईत असला तरी आणि रॉलिन्स आरामात असला तरी. मग २२ जूनला रॉलिन्स पुन्हा त्याच स्टुडिओत, या वेळी टॉमी फ्लॅनगन, मॅक्स रोच आणि बेसवर डग वॉटकिन्स. ती झाली ‘सॅक्सोफोन कोलॉसस’. एका महिन्याच्या आत एकाच लीडरची दोन शिखरं, एकाखाली एक भाऊ आणि दुसऱ्याखाली दुसरा. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा, वॉटकिन्सचा सूर जास्त गोल आणि जमिनीला धरून, चेंबर्सचा पुढे ढकलणारा, ठोका पडायच्या जरा आधीच तिथे पोचलेला.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी, २६ जूनला, पेनसिल्व्हेनियातल्या हायवेवर गाडी घसरून ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राउन, पियानिस्ट रिची पॉवेल आणि त्याची बायको गेले. रॉलिन्स आणि मॅक्स रोच दोघेही ब्राउनच्याच बँडमध्ये होते. ब्राउन पंचवीस वर्षांचा होता. बेनी गोल्सननं त्याच्यासाठी ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ लिहिलं आणि १९५७ च्या मार्चमध्ये ते रेकॉर्ड केलं अठरा वर्षांच्या ली मॉर्गननं, जो फिलाडेल्फियाचा आणि ब्राउनला बघून शिकलेला. अठरा वर्षांचा मुलगा इतकं आवरून, इतकं हळू कसं वाजवू शकतो मला अजून कळलेलं नाही.

हे बहुतेक सगळं रेकॉर्डिंग कुठे झालं तर न्यू जर्सीत, हॅकन्सॅकला, रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरात, दिवाणखान्यात. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासायचा, चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात हे. ब्लू नोट चालवणारे अल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोघं बर्लिनहून नाझींच्या काळात आलेले मित्र. लायन सेशन बघायचा, वुल्फ फोटो काढायचा. ब्लू नोटचं एक मोठेपण असं की ते रेकॉर्डिंगच्या आधीच्या तालमीचे पैसे द्यायचे, जे इतर कंपन्या करत नसत. प्रेस्टीजच्या रेकॉर्ड बऱ्याचदा मस्त गप्पांसारख्या वाटतात आणि ब्लू नोटच्या बांधीव वाटतात, त्याचं निम्मं कारण तिथे आहे असं माझं मत.

त्या बांधीवपणाचं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘ब्लू ट्रेन’. १५ सप्टेंबर १९५७. कोल्ट्रेनला त्या वर्षी माइल्सनं काढून टाकलं होतं, त्यानं व्यसन सोडलं, पियानिस्ट थेलोनियस मंकबरोबर फाइव्ह स्पॉट क्लबात वाजवायला लागला, आणि त्याच काळात ही एक रेकॉर्ड ब्लू नोटसाठी केली, तिथे लीडर म्हणून एकच. माणसं बघा. ट्रंपेटवर ली मॉर्गन, वय एकोणीस. ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर, डेट्रॉइटचा. पियानोवर केनी ड्रू, बेसवर चेंबर्स, ड्रम्सवर फिली जो. म्हणजे न्यूयॉर्कचा ड्रू सोडला तर फिलाडेल्फिया आणि डेट्रॉइट ही दोन शहरं समोरासमोर बसलेली आहेत, कोल्ट्रेन स्वतः नॉर्थ कॅरोलायनात जन्मला असला तरी फिलाडेल्फियातच घडला. फिली जोच्या तर नावातच शहर आहे, काउंट बेसीचा ड्रमर जो जोन्स आधीच प्रसिद्ध होता म्हणून याला फिली म्हणायला लागले.

पाचातली चार गाणी कोल्ट्रेननं लिहिलेली. पहिल्याच गाण्याची ती सुरुवात, तिन्ही फुंकवाद्यं एकत्र एक वाक्य म्हणतात, थांबतात, पुन्हा म्हणतात, सगळ्यांनी ऐकलेली असते. पण माझी विनंती आहे की कोल्ट्रेनचा सोलो सुरू झाला की कान मुद्दाम खाली न्या. चेंबर्स काय करतोय? फार काही नाही. चार ठोके, चार सूर, पुन्हा चार ठोके, चार सूर. पण प्रत्येक सूर पुढच्या कॉर्डकडे कसा जायचा याचा रस्ता दाखवतो आणि कोल्ट्रेन वर कितीही गिरक्या घेऊन आला तरी त्याला उतरायला जागा तयार असते. मध्येच फिली जो आणि तो मिळून लय दुप्पट करतात आणि परत आणतात, धक्का न लागता. मग मॉर्गन, फुलर, ड्रू असे सगळे सोलो झाल्यावर शेवटी चेंबर्सचा. आणि ‘मोमेंट्स नोटिस’ मध्ये तर तो गज काढतो. बेसवर गजानं सोलो वाजवणं त्या काळी फार थोडे लोक करायचे, आणि बीबॉपची ती नागमोडी वाक्यं गजानं इतक्या वेगात म्हणणं म्हणजे अवघड काम, सूर जरासा घसरला की लगेच उघडं पडतं. काही समीक्षकांना त्याचा गज खरखरीत वाटतो. मला तो खरखरीतपणाच हवा असतो, लाकूड आणि तार दोन्ही ऐकू येतात.

इतक्या रेकॉर्ड इतक्या कमी वर्षांत कशा झाल्या याचं कारण फक्त प्रतिभा नाही. न्यूयॉर्कमध्ये क्लबात वाजवायला पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागायचं आणि ड्रग्जच्या केसमध्ये सापडलं की ते कार्ड जायचं. मंकचं वर्षानुवर्षं गेलं होतं, जॅकी मॅक्लीनचं गेलं होतं. कार्ड नाही तर शहरातल्या क्लबात काम नाही, मग उरतं काय, स्टुडिओ. तिथेही साथीदाराला त्या दिवसाचे ठरलेले पैसे मिळायचे आणि विषय संपला, रेकॉर्ड पुढे साठ वर्षं विकली गेली तरी. आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो तो या माणसांसाठी दिवसाच्या मजुरीचा काळ होता, हे मला विसरता येत नाही आणि विसरू नये असं वाटतं.

‘कूल स्ट्रटिन’ १९५८ च्या ५ जानेवारीची. पियानोवर सॉनी क्लार्क, ट्रंपेटवर आर्ट फार्मर, आल्टो सॅक्सोफोनवर जॅकी मॅक्लीन, खाली पुन्हा चेंबर्स आणि फिली जो. कव्हरवर रस्त्यावरून चालणाऱ्या बाईचे नुसते पाय. अमेरिकेत त्या वेळी फारशी कुणी विचारली नाही, जपानमध्ये मात्र ही रेकॉर्ड लाडकी झाली आणि अजून आहे. क्लार्क पाच वर्षांनी, एकतीसाव्या वर्षी गेला. शीर्षकगीताचा तो मध्यम लयीतला ब्लूज, घाई नाही, कुणाला काही सिद्ध करायचं नाही. हार्ड बॉप म्हणजे काय असं विचारलं तर मी हेच लावून देतो.

मग १९५९ येतं. या वर्षाबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण चेंबर्सच्या बाजूनं बघितलं की ते वेगळंच दिसतं. २ मार्च आणि २२ एप्रिल, ‘काइंड ऑफ ब्लू’. ‘सो व्हॉट’ मध्ये आधी पियानो आणि बेसची ती धुक्यातली सुरुवात, आणि मग मुख्य धून कोण वाजवतं? ट्रंपेट नाही, सॅक्सोफोन नाही. बेस. चेंबर्स धून म्हणतो आणि माइल्स, कोल्ट्रेन, कॅननबॉल अॅडर्ली त्याला दोन सुरांचं उत्तर देतात. जे वाद्य आयुष्यभर मागे उभं राहतं त्याला माइल्सनं पुढे बोलवलं आणि पुढे उभे राहणाऱ्यांना होकार भरायला लावला. जगभर लोक ती धून गुणगुणतात ती चेंबर्सची.

अख्ख्या गाण्यात कॉर्ड जेमतेम दोन. आणि ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दुसऱ्या सेशनला पंधरा दिवसही झाले नाहीत तर ४ आणि ५ मे ला तोच चेंबर्स कोल्ट्रेनबरोबर ‘जायंट स्टेप्स’ करतोय, जिथे कॉर्ड इतक्या वेगानं बदलतात की टॉमी फ्लॅनगनसारखा पियानिस्ट सोलोत अडखळतो. (फ्लॅनगननं १९८२ मध्ये त्याच नावाची आपली रेकॉर्ड केली आणि तेच गाणं रुबाबात वाजवलं. इतक्या वर्षांनी परत येऊन हिशेब पूर्ण करणारा माणूस मला फार आवडतो.) एका महिन्यात अगदी मोकळं माळरान आणि अगदी दाट जंगल, दोन्हीकडे बेसवर एकच माणूस, आणि दोन्हीकडे तो घरच्यासारखा.

‘जायंट स्टेप्स’ मधल्या गाण्यांची नावं बघा. ‘नाइमा’ ही कोल्ट्रेनची बायको. ‘सईदाज साँग फ्लूट’ मधली सईदा ही नाइमाची मुलगी. ‘कझिन मेरी’ ही त्याची बहीण, चुलत-मावस काय असेल ती. आणि शेवटचं गाणं ‘मिस्टर पी. सी.’. पॉल चेंबर्स. घरच्या बायकामुलींच्या ओळीत त्यानं आपल्या बेसवाल्याला बसवलंय. कोल्ट्रेन मुलाखतींतून फार बोलणारा माणूस नव्हता, साथीदाराविषयी त्याला काय वाटायचं ते त्यानं असं सांगितलं. गाणंही चेंबर्सला शोभेल असंच, मायनरमधला धावता ब्लूज, ज्यात बेस क्षणभर थांबला तर सगळं कोसळेल. आज जगात कुठल्याही शहरात नवखी पोरं जॅमला जमली की ‘मिस्टर पी. सी.’ निघतंच, त्यातल्या कितींना पी. सी. कोण ते माहीत असतं देव जाणे.

त्याच डिसेंबरात ‘नाइमा’ पुन्हा रेकॉर्ड झालं आणि आपण रेकॉर्डवर ऐकतो ते तेच, त्यात पियानोवर विंटन केली आणि ड्रम्सवर जिमी कॉब. म्हणजे तेव्हाचा माइल्सचा रिदम सेक्शन. केली, चेंबर्स, कॉब. या तिघांची लय मला सगळ्यात जवळची. गार्लंड आणि फिली जोबरोबर चेंबर्स जरा नाटकी वागतो, प्रश्नोत्तरं चालतात. केली आणि कॉबबरोबर तो नुसता वाहतो.

आणि आता ‘सोल स्टेशन’, माझी सगळ्यात लाडकी. ७ फेब्रुवारी १९६०, व्हॅन गेल्डर तोवर इंगलवुड क्लिफ्सच्या नव्या स्टुडिओत गेला होता, लाकडी उंच छताच्या, आणि आवाजात ती उंची ऐकू येते. हँक मोबली, केली, चेंबर्स आणि ड्रम्सवर कॉबच्या जागी आर्ट ब्लेकी. १९५४-५५ चे मेसेंजर्स आठवा, मोबली आणि ब्लेकी तिथेच एकत्र होते, आणि केली-चेंबर्स माइल्सकडचे. म्हणजे दोन घराणी या एका दिवसासाठी एका खोलीत आलीत. ब्लेकी एरवी मागून गर्जना करणारा ड्रमर, पण इथे तो मोबलीचा सूर सांभाळून वाजवतो, कारण मोबलीचा सूर कोल्ट्रेनसारखा कापणारा नाही, तो गोल आहे, आतून उबदार. मोबलीला टेनरचा मिडलवेट चॅम्पियन म्हटलं गेलं आणि ते बिरुद पुढे त्याला कमी लेखायलाच जास्त वापरलं गेलं. ‘रिमेंबर’ ची पहिली दोन मिनिटं ऐका आणि मग सांगा कोण कुठल्या वजनाचा. ‘धिस आय डिग ऑफ यू’ मध्ये केलीचा सोलो सुरू होतो तिथून मोबली परत येईपर्यंत जो उत्साह वाढत जातो, त्यात चेंबर्स एकही सूर वाया घालवत नाही, एकही जास्तीचा लावत नाही. वाईट दिवशी मी हे लावतो, चांगल्या दिवशीही हेच लावतो.

पुढच्या वर्षी मोबली माइल्सच्या बँडमध्ये गेला. १९६१ च्या मार्चमध्ये २० आणि २१ तारखेला माइल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये जुना टेनरवाला कोल्ट्रेन पाहुणा म्हणून आला, नव्याच्या समोर, आणि काय वाजवून गेला! त्यानंतर पाच दिवसांनी, २६ ला, मोबली केली, चेंबर्स, फिली जो आणि गिटारवर ग्रँट ग्रीनला घेऊन ब्लू नोटच्या स्टुडिओत गेला आणि ‘वर्कआउट’ केली. खचलेला माणूस तसं वाजवत नाही. त्या आठवड्याबद्दल मोबलीला कमी लेखणाऱ्यांनी ती एकदा ऐकावी.

टेनरवाल्या टीना ब्रुक्सचं मात्र वाईट वाटतं. ब्लू नोटसाठी लीडर म्हणून चार सेशन्स केली, जिवंतपणी बाहेर आली एकच, ‘ट्रू ब्लू’. ‘बॅक टु द ट्रॅक्स’ला कॅटलॉग नंबर मिळाला होता, कव्हर तयार होतं, रेकॉर्ड निघालीच नाही. बेसवर चेंबर्स होता. ब्रुक्स १९७४ मध्ये गेला. पुढे मायकल कुस्कुना या निर्मात्यानं ब्लू नोटच्या टेप्स धुंडाळून अशा किती तरी गोष्टी लोकांपुढे आणल्या तेव्हा कुठे कळलं की हा केवढा होता.

चेंबर्स १९६३ पर्यंत माइल्सकडे राहिला. त्याच्या जागी आला रॉन कार्टर, म्हणजे कॅस टेकचाच. केली, चेंबर्स आणि कॉब यांनी मग आपलाच ट्रिओ केला, गिटारवाल्या वेस मॉंटगोमेरीबरोबर १९६५ साली हाफ नोट क्लबात जे वाजवलं त्याला तोड नाही. पण दारू आणि हेरॉइननं चेंबर्सचं शरीर पोखरलं होतं. केली त्याच्यामागून दोनच वर्षांनी गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी. ली मॉर्गनला १९७२ मध्ये स्लग्ज क्लबात गोळी लागली, तोही तेहतीसाव्या वर्षी. वॉटकिन्स तर सगळ्यांच्या आधी, १९६२ मध्ये, अॅरिझोनातल्या गाडीच्या अपघातात, सत्तावीस वर्षांचा. जिमी कॉब मात्र २०२० पर्यंत होता, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन गेला, ‘काइंड ऑफ ब्लू’च्या खोलीतला शेवटचा माणूस.

रॉलिन्स वाचला त्याचं एक कारण मला असं वाटतं की त्याला थांबता यायचं. १९५९ मध्ये थांबला आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटा रियाज करत बसला. साठच्या दशकाच्या शेवटी पुन्हा थांबला आणि मुंबईला आला, पवईच्या चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. आज पवईत जिथे टॉवरच टॉवर आहेत तिथे तेव्हा ‘टेनर मॅडनेस’वाला माणूस योग आणि वेदान्त शिकत होता. १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात तो मुंबईत वाजवायलाही आला. आमच्या आधीच्या पिढीतल्या ज्यांनी ते ऐकलं त्यांचा मला हेवा वाटतो.

केलीचं नाव वेगळ्या वाटेनं पुढे गेलं. न्यू ऑर्लीन्सच्या एलिस मार्सालिस नावाच्या पियानिस्टनं आपल्या मुलाचं नाव विंटन ठेवलं, केलीवरून, आणि तो मुलगा १९८० मध्ये ट्रंपेट घेऊन आर्ट ब्लेकीच्या मेसेंजर्समध्ये दाखल झाला. केलीच्याच नात्यातला मार्कस मिलर त्याच सुमारास माइल्सच्या नव्या बँडमध्ये बेस वाजवायला लागला.

चेंबर्सच्या स्वतःच्या नावावरच्या रेकॉर्डमधून सुरुवात करायची असेल तर ‘बेस ऑन टॉप’ घ्या, जुलै १९५७ ची, केनी बरेल, हँक जोन्स आणि आर्ट टेलरबरोबर. पहिलंच ‘यस्टरडेज’, गजावर. मी सध्या वॉटकिन्सकडे वळलोय. त्याच्या स्वतःच्या नावावर अगदी थोड्या रेकॉर्ड आहेत, त्यातली १९६० ची ‘सोलनिक’ हाताशी आहे, युसेफ लतीफ बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे तिथे बेस दुसऱ्याकडे देऊन वॉटकिन्स स्वतः चेलो वाजवतोय. कुणी ऐकली असेल तर जरूर लिहा, विशेषतः त्या चेलोबद्दल.